रीडिंग जुळवायला शिकवलं कोणी?

एका प्राध्यापिकेचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असा तपशील गाळून त्याचा सारांश देत आहोत.

पुण्यातल्या एका कॉलेजच्या संशोधन केंद्रात त्या रसायनशास्त्र शिकवतात. त्यांच्याकडे चार विद्यार्थी पीएचडी करत आहेत. या सत्रापासून कोर्सवर्कमधला ‘संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्ता’ हा दोन क्रेडिटचा पेपर त्यांच्याकडे आला आहे. विभागप्रमुख म्हणतात, एखाद्या चांगल्या वक्त्याचं व्याख्यान ठेवू, मुलांकडून प्रामाणिकपणाची शपथ घेऊ, फोटो काढून अहवाल पाठवू. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं मत असं, की संस्कार घरातून येतात, पंचविशीतल्या माणसाला नीतिमत्ता शिकवून काय होणार? हे चालू असतानाच बाईंना कळलं, की त्यांच्याच एका विद्यार्थिनीने जर्नलला पाठवलेल्या शोधनिबंधातल्या (पेपरमधल्या) आलेखातून दोन बिंदू काढून टाकले आहेत. पेपर बोअरवेलच्या पाण्यातल्या लोहाबद्दलचा. आलेख आठ प्रमाण द्रावणांचा, म्हणजे लोह किती ते आधीच माहीत असलेल्या द्रावणांचा, ०.५ ते १० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम). मशीनच्या मूळ फाइलमध्ये ३ पीपीएमला ०.४५ आणि १० पीपीएमला १.७५ अशी रीडिंग्ज आहेत. एक्सेलमध्ये या दोन ओळीच नाहीत. त्यामुळे आर-स्क्वेअर (बिंदू सरळ रेषेत किती बसतात त्याचं माप, १ म्हणजे तंतोतंत) ०.९८५ वरून ०.९९९ झाला. पेपर सध्या रिव्ह्यूमध्ये आहे. ‘मुलगी गरीब स्वभावाची, कष्टाळू आहे. तिला रागवू की सांभाळून घेऊ? आणि आता मी कोणत्या तोंडानं हा विषय शिकवू?’ असं त्या विचारतात.

प्रिय मॅडम,

आधी निकडीचं काम. पेपर अजून छापून आलेला नाही, ही मोठी सोय आहे. संपादकांना आजच चार ओळींची मेल करा : कॅलिब्रेशनच्या (प्रमाण द्रावणांच्या रेषेच्या) माहितीत आम्हाला त्रुटी आढळली आहे, मोजणी पुन्हा करत आहोत, अमुक तारखेपर्यंत सुधारित हस्तलिखित पाठवू, तोवर निर्णय थांबवावा. चूक कोणाची, हे त्या मेलमध्ये लिहायची गरज नाही. सगळ्या सहलेखकांना मात्र तिची प्रत जाऊ द्या. संपादकांना अशा मेलची सवय असते आणि स्वतःहून कळवणाऱ्या लेखकाबद्दल त्यांचं मत वाईट होत नाही. हेच पेपर छापून आल्यावर करायचं झालं तर शुद्धिपत्र द्यावं लागतं, आणि निष्कर्षच ढासळत असेल तर पेपर मागे घ्यावा लागतो.

आता त्या दोन बिंदूंकडे बघू. तुम्ही आकडे पाठवलेत हे फार बरं केलंत, कारण या दोन बिंदूंची जात एक नाही.

१० पीपीएमचा बिंदू घ्या. फेनॅन्थ्रोलिन हे रसायन लोहाशी मिळून लाल-नारिंगी रंग देतं, त्याचं मोजमाप ५१० नॅनोमीटरच्या प्रकाशात करतात. तुमच्या बाकीच्या रीडिंग्जवरून पाहिलं तर १० पीपीएमला अ‍ॅब्सॉर्बन्स (द्रावणाने प्रकाश किती शोषला त्याचं माप) साधारण २.० यायला हवा होता. अ‍ॅब्सॉर्बन्स २ म्हणजे क्युव्हेटमधून (द्रावणाच्या पारदर्शक कुपीतून) पलीकडे शंभरातला एकच भाग प्रकाश पोचतो. इतक्या कमी प्रकाशात मशीनमधला भरकटलेला प्रकाशही मोजला जातो, रीडिंग खरं असावं त्यापेक्षा कमी येतं आणि रेषा वरच्या टोकाला वाकते. म्हणजे १.७५ हे रीडिंग ‘चुकलेलं’ नाही, मशीनने आपली मर्यादा सांगितली आहे. हा बिंदू रेषेतून वगळणं शास्त्राला धरून आहे. अट एवढीच, की पेपरमध्ये ‘रेषा ०.५ ते ८ पीपीएमपर्यंत सरळ, त्यापुढे वाकते’ असं लिहायला हवं आणि ८ च्या वरचे नमुने पातळ करून मोजायला हवेत. तुमच्या हस्तलिखितात मजकुरात अजून ‘०.५ ते १० पीपीएम’ असंच असेल, तर ते विधान खोटं आहे. बिंदू काढल्यामुळे नाही, विधान तसंच ठेवल्यामुळे.

३ पीपीएमचं प्रकरण निराळं. ते रेषेच्या मध्यावर आहे, तिथे मशीन उत्तम चालतं. रीडिंग ०.६० च्या आसपास हवं होतं, आलं ०.४५; म्हणजे चौथा हिस्सा गळाला. का? पिपेटमध्ये हवेचा बुडबुडा राहून द्रावण कमी पडलं असेल. फेरिक लोहाचं फेरस करणारं हायड्रॉक्सिलअमाइन कमी पडलं किंवा घालायचं राहिलं असेल, मग काही लोह फेरिकच राहिलं. रंग देतं ते फेरस लोह. आम्लता कायम राखणारं बफर द्रावण चुकून आम्लता बिघडली असेल. किंवा रंग पूर्ण चढायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, तेवढी न थांबताच रीडिंग घेतलं असेल. यातलं काय झालं ते तिच्या वहीत सापडतंय का बघा. सापडत नसेल तर धोका मोठा आहे, कारण जे त्या एका फ्लास्कमध्ये झालं ते बोअरवेलच्या नमुन्यांतही झालेलं असू शकतं. तिथे आपल्याला ‘खरं उत्तर’ माहीत नसतं. नमुन्यात लोह चौथ्या हिश्शाने कमी दिसलं तर ते कोणाच्याच लक्षात येणार नाही, आणि ते पाणी कोणीतरी पीत असेल. प्रमाण द्रावणाने दिलेला हा इशारा होता, आणि तो एक्सेलची ओळ डिलीट करून पुसला गेला.

म्हणून काम असं करा. संपूर्ण मालिका नव्याने बनवा. जुन्या दिवसाच्या सात रीडिंग्जना नवं एक रीडिंग जोडू नका, कारण दोन दिवसांचं द्रावण आणि ब्लँक (लोह न घातलेलं तुलनेचं द्रावण) वेगळं असतं. प्रत्येक तीव्रतेचे तीन स्वतंत्र फ्लास्क करा. एकाच फ्लास्कचं तीनदा रीडिंग घेणं म्हणजे मशीनची परीक्षा झाली, हाताची नाही. लोह, हायड्रॉक्सिलअमाइन, बफर, फेनॅन्थ्रोलिन, मग खुणेपर्यंत पाणी, हा क्रम आणि थांबल्याची वेळ वहीत लिहायला लावा. मालिका सुरू होण्यापूर्वीच, त्याच पानावर, रीडिंग कोणत्या कारणाने रद्द धरायचं ते लिहा : फ्लास्क सांडला, क्युव्हेटवर ओरखडा दिसला, बुडबुडा दिसला. ‘रेषेत बसत नाही’ हे कारण त्या यादीत येऊ देऊ नका. आर-स्क्वेअरपेक्षा प्रत्येक बिंदू रेषेपासून किती वर किंवा खाली आहे, त्याचा छोटा आलेख काढा. वाकलेल्या रेषेचा आर-स्क्वेअरही ०.९९ च्या वर येऊ शकतो, पण या दुसऱ्या आलेखात वाक लगेच दिसतो. तीनही नवे फ्लास्क ०.६० च्या जवळ आले तर जुनं रीडिंग अपघात होता असं म्हणायला आधार मिळेल. पुन्हा एखादं घसरलं, तर पद्धतीतच भोक आहे आणि सगळे नमुने पुन्हा मोजावे लागतील. महिना जाईल. जाऊ द्या.

आता ती मुलगी. रागवायचं की सांभाळून घ्यायचं, असे दोनच पर्याय तुम्ही समोर ठेवलेत. ‘का काढलेस?’ हा प्रश्न आधी विचारू नका, त्याला रडणं किंवा बचाव एवढी दोनच उत्तरं येतात. तिला सांगा, ‘मूळ फाइल उघड आणि या रीडिंगपासून त्या आलेखापर्यंत कशी आलीस ते मला एकेक पायरी दाखव.’ बहुधा ती सहज म्हणेल, ‘मॅडम, ते आउटलायर होते,’ म्हणजे बाकीच्यांपासून फटकून असलेले बिंदू. मग विचारा, ‘हे तू कुठल्या कसोटीवर ठरवलंस?’ आणि त्यानंतर एक प्रश्न तुम्ही स्वतःला विचारायचा आहे : ०.९९९ यायलाच हवं, हे तिला कोणी सांगितलं? ‘ग्राफ नीट करून आण, असा पाठवता येणार नाही’ असं कोणी म्हणालं होतं का? गाइडने घाईत टाकलेलं असं वाक्य विद्यार्थ्याला हुकूम वाटतं. तसं झालं असेल तर तिच्यासमोर ते कबूल करा. त्याने तुमचा अधिकार कमी होणार नाही.

तिने मूळ फाइल मशीनवर तशीच ठेवली होती, हे विसरू नका. लपवायचं असतं तर ती फाइलच आधी पुसली गेली असती. तरीही केलेलं चूकच आहे आणि ते तिला स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. मात्र न घेतलेली रीडिंग्ज लिहिणं, घेतलेली वळवणं आणि कारण न लिहिता वगळणं, यांचं वजन सारखं नसतं. तुमच्यासमोर तिसरा प्रकार आहे. बाकीच्या तीन विद्यार्थ्यांच्या आणि तिच्या जुन्या फाइलीही एकदा मूळ रीडिंगशी ताडून बघा. तिथे न घेतलेली रीडिंग्ज सापडली, तर मात्र सांभाळून घेणं तुमच्या हातात राहत नाही. प्रकरण विभागप्रमुखांकडे लेखी जायला हवं.

यावरून तुमच्या सहकाऱ्यांच्या वाक्याकडे येते. संस्कार आधीच झालेले असतात, हे त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. पण कुठे झाले आणि कोणी केले, ते बघायला हवं.

अकरावीच्या प्रॅक्टिकलला चला. टायट्रेशनचा तक्ता : पायलट रीडिंग, मग एक, दोन, तीन आणि शेवटी सीबीआर, म्हणजे ‘कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग’. मुलगा टायट्रेशन एकदाच करतो आणि तिन्ही रकान्यांत १०.२ लिहितो. सरांना ते ठाऊक असतं. वीस जणांच्या बॅचला तेवढाच वेळ असतो आणि ‘कॉन्स्टंट’ रीडिंग आलं नाही तर सही मिळत नाही. लंबकाच्या प्रयोगात जी ची किंमत ९८० च्या जवळ हवी; ९१० आली तर मागच्या बॅचचं जर्नल मागवलं जातं. रफ वहीत जे काही आलं ते फेअर जर्नलमध्ये सुधारून उतरतं. सबमिशनच्या आदल्या रात्री पुण्यातल्या कुठल्याही होस्टेलवर हेच चाललेलं असतं. इंजिनिअरिंगला तर दिवा आणि काच घेऊन ड्रॉइंगची जीटी मारतात, त्याला नावच पडलेलं आहे. मग जर्नलच्या पहिल्या पानावर सर्टिफिकेट : सर्व प्रयोग समाधानकारकरीत्या पूर्ण केले. खाली शिक्षकांची सही.

अकरावी-बारावीची दोन, बीएस्सीची तीन, एमएस्सीची दोन. सात वर्षं मुलं ‘रीडिंग जुळवायला’ शिकतात, आणि त्यासाठी त्यांना मार्क मिळतात. खोटं बोलतोय असं त्यांना वाटतही नाही. ही त्यांच्यासाठी नीटनेटकं काम करण्याची रीत असते. महाराष्ट्रातल्या शाळांच्या परिपाठात मूल्यशिक्षणाची जी दहा मूल्यं होती, त्यांत वैज्ञानिक दृष्टिकोनही होता आणि नीटनेटकेपणाही. प्रयोगशाळेत या दोघांची गाठ पडते तेव्हा नीटनेटकेपणा जिंकतो, हे आपण वर्षानुवर्षं चालवून घेतलं आहे. तुमच्या विद्यार्थिनीने आलेख ‘फेअर’ केला, एवढंच. तेव्हा नीतिशिक्षणाचा उपयोग होतो का, हा प्रश्नच मला उलटा वाटतो. ते झालेलं आहे, जोरात झालेलं आहे. तुमच्या तीस तासांना त्या सात वर्षांशी सामना करायचा आहे.

म्हणून तुमच्या हातात बीएस्सीची एखादी बॅच असेल तर खरी सुरुवात तिथे होईल. अज्ञात द्रावण सगळ्यांना एकच देऊ नका. चार वेगवेगळ्या तीव्रतेच्या बाटल्या करा आणि टेबलानुसार वाटा, यादी तुमच्याकडे. ‘यायला हवं ते उत्तर’ कोणालाच माहीत नसेल तर जुळवणार कशाला? फेअर जर्नल बंद करा. पानांना क्रमांक असलेली एकच वही, पेनने, जागेवर. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, व्हाइटनर नाही. दहापैकी चार मार्क नोंदीला, तीन आकडे का हलले याच्या दोन ओळींना, तीन उत्तराला. इथे काय बिघडतं तेही सांगते. पहिले दोन आठवडे मुलं घाबरून कमी लिहितात, कारण खाडाखोड म्हणजे मार्क गेले अशी सवय असते. आणि प्रत्येक पानावर सही करायचं ठरवलं तर महिन्याभरात ती सही डोळे मिटून होऊ लागते. त्यापेक्षा रोज कोणतीही पाच पानं नीट वाचून सही करा, कोणती ते आधी सांगू नका.

शपथेबद्दल. विभागप्रमुखांना विरोध करू नका, अर्धा मिनिट लागतं. पण शपथेच्या भरवशावर राहू नका, आणि याचं एक उदाहरण कोर्समध्येच शिकवण्यासारखं आहे. फॉर्मच्या तळाशी सही करण्याऐवजी वरच प्रामाणिकपणाची सही घेतली तर लोक कमी खोटं लिहितात, असा एक अभ्यास २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला आणि खूप गाजला. २०२० मध्ये त्याच लेखकांनी नव्याने प्रयोग करून पाहिले, परिणाम दिसला नाही. २०२१ मध्ये मूळ अभ्यासातली, गाड्या किती मैल चालल्या त्याची आकडेवारीच बनावट असल्याचं इतर संशोधकांनी दाखवलं आणि पेपर मागे घेतला गेला. ते कसं उघड झालं, ते मुलांना जरूर दाखवा. मूळ आकडेवारी सगळ्यांसाठी खुली केली होती म्हणून ती तपासता आली.

व्याख्यानांचीही तीच गत. अमेरिकेतल्या हजारो संशोधकांच्या पाहणीवर आधारित एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. नीतिमत्तेच्या वर्गांचा संशोधकांच्या पुढच्या वागण्याशी संबंध त्यात पुसटच दिसला. गाइडशी संबंध ठळक होता, आणि दोन्ही बाजूंनी. संशोधनाच्या नीतीबद्दल बोलणाऱ्या गाइडचे विद्यार्थी कमी घसरत. ‘या क्षेत्रात टिकायचं कसं’ याचेच धडे देणाऱ्या गाइडच्या विद्यार्थ्यांत काही गैरप्रकार उलट जास्त होते. ‘मी कोणत्या तोंडानं शिकवू’ या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर यातच आहे. ज्यांच्या प्रयोगशाळेत असं काही सापडलेलं नाही, त्यांनी बहुतेक वेळा मूळ फाइल उघडून पाहिलेली नसते. तुम्ही पाहिलीत. तुम्हीच शिकवा.

आता कोर्स. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये हा पेपर पीएचडी कोर्सवर्कला सक्तीचा केला तेव्हा त्याची आखणी तीस तासांची दिली : तत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्र ४, वैज्ञानिक आचरण ४, प्रकाशननीती ७, मुक्त प्रकाशन ४, प्रकाशनातले गैरप्रकार ४, डेटाबेस आणि मापनं ७. आराखडा वाईट नाही. बिघडतं ते असं, की पहिले चार तास ‘नीती म्हणजे काय’ याच्या व्याख्यांत जातात आणि शेवटचे सात एच-इंडेक्स (संशोधकाच्या पेपरांचे दाखले किती दिले गेले त्यावरचा आकडा) मोजण्यात. मधल्या ‘वैज्ञानिक आचरणा’चे चार तास स्लाइड वाचून संपतात. तुम्ही पहिले आठ तास जोडून घ्या आणि ते सगळे आकड्यांवर खर्च करा.

एक सत्र वगळण्यावर. इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजणाऱ्या मिलिकनने १९१३ च्या पेपरमध्ये तेलाच्या ५८ थेंबांची मोजणी दिली. त्याच्या वह्यांत त्याहून पुष्कळ जास्त थेंब आहेत. त्याने वगळलेले थेंब योग्य कारणाने वगळले की नाही, यावर इतिहासकारांत आजही मतभेद आहेत, म्हणूनच हे उदाहरण चांगलं. वर्गाचे दोन गट करा, एकाने वगळण्याची बाजू मांडायची, दुसऱ्याने विरोधाची, अर्ध्या तासाने बाजू बदलायच्या.

दुसरं मूळ नोंदी जपण्यावर. अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेतल्या हेंड्रिक शॉन या भौतिकशास्त्रज्ञाच्या पेपरांत दोन वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत एकच ‘नॉइज’ (रीडिंगमधली आपोआप होणारी बारीक थरथर, जी दोनदा सारखी येऊ शकत नाही) सापडला. चौकशी समितीने २००२ मध्ये २४ आरोपांपैकी १६ सिद्ध झाल्याचं सांगितलं. त्याच्याकडे प्रयोगवही नव्हती, मूळ फाइली संगणकात जागा नाही म्हणून पुसल्या होत्या. सहलेखक दोषमुक्त झाले, पण त्यांनी मूळ आकडे कधी मागितले का, हा प्रश्न उरलाच. परदेशातलीच उदाहरणं दिली तर मुलं ‘तिकडचं’ म्हणून ऐकतात, तेव्हा पंजाब विद्यापीठातलं हिमालयाच्या जीवाश्मांचं प्रकरणही घ्या. दुसऱ्या देशांतले नमुने हिमालयातले म्हणून छापल्याचं ऑस्ट्रेलियाच्या जॉन टॅलंट यांनी १९८९ मध्ये ‘नेचर’मधून उघड केलं. तिथेही सहलेखकांची यादी लांबलचक होती. त्याच सत्रात प्रत्येकाने आपल्या मशीनवरची मूळ फाइल कुठे असते, तिचं नाव कसं ठेवायचं, ती ‘रीड-ओन्ली’ कशी करायची आणि दुसरी प्रत कुठे, हे प्रत्यक्ष करून दाखवायचं. जेलचे (प्रथिनं, डीएनए यांच्या पट्ट्या दाखवणाऱ्या चाचणीचे) फोटो काढणाऱ्यांनी न कापलेला मूळ फोटो ठेवायचा. उजळपणा वाढवायचा तर पूर्ण चित्राचा, एका पट्टीचा नाही. एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये वीस हजारांहून जास्त पेपरांतली चित्रं डोळ्यांनी तपासली, तेव्हा ३.८ टक्के पेपरांत संशयास्पद पुनरावृत्ती सापडली होती.

तिसरं सत्र वह्यांच्या अदलाबदलीचं. एकाच्या वहीतल्या दोन पानांवरून दुसऱ्याने तो प्रयोग करायचा, लेखकाला काही न विचारता. कुठे अडलं त्याची यादी म्हणजेच परीक्षा. बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेत ‘प्रामाणिकपणा महत्त्वाचा आहे का’ याला प्रत्येक जण ‘हो’वर खूण करतो, त्यातून काही कळत नाही.

सिमिलॅरिटी रिपोर्टबद्दल (मजकूर दुसरीकडच्या मजकुराशी किती टक्के जुळतो ते सांगणाऱ्या अहवालाबद्दल) वर्गात एकदा स्वच्छ बोला, कारण मुलांच्या दृष्टीने नीतिमत्ता म्हणजे ‘दहा टक्क्यांच्या आत’ असं समीकरण झालं आहे. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० असेल तर प्रबंध सुधारून द्यायला कमाल सहा महिने. ४० ते ६० ला एक वर्ष पुन्हा सादर करता येत नाही. ६० च्या वर नोंदणी रद्द. संदर्भसूची, योग्य श्रेय दिलेली अवतरणं, प्रमाण समीकरणं यांत धरत नाहीत. हे नियम आवश्यक आहेत. पण ते सॉफ्टवेअर फक्त शब्द जुळतात का ते बघतं. प्रयोगपद्धतीच्या परिच्छेदात १२ टक्के आले म्हणून रात्रभर शब्द फिरवत बसलेला मुलगा आणि दुसऱ्याची कल्पना स्वतःच्या शब्दांत लिहून ४ टक्के मिळवणारा मुलगा, यांत सॉफ्टवेअर पहिल्याला पकडतं. आणि मनाने रचलेली रीडिंग्ज तर कुठेच जुळत नाहीत. तुमच्या विद्यार्थिनीच्या त्या आलेखाचा सिमिलॅरिटी रिपोर्ट शून्य टक्के येईल.

पेपर छापायला जर्नल, म्हणजे संशोधन नियतकालिक, निवडण्याचे तास पुण्यात शिकवताना एक संदर्भ जवळचा आहे. आयोगाच्या मान्यताप्राप्त जर्नलच्या जुन्या यादीची छाननी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी केली होती. विद्यापीठांच्या शिफारशीवरून आलेल्या जर्नलपैकी तपासलेल्यांतली ८८ टक्के दर्जाहीन असू शकतात, असं त्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये मांडलं. पुढे आलेल्या ‘यूजीसी-केअर’ यादीचा कक्षही याच विद्यापीठात होता. ती यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, आता निवड ज्याची त्याने डोळसपणे करायची आहे. प्रत्येकाने आपल्या इनबॉक्समधलं एक ‘डिअर एमिनंट प्रोफेसर’ छापाचं आमंत्रण आणायचं आणि तपासायचं : संपादक मंडळातले तिघे स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर या जर्नलचा उल्लेख करतात का? इंडेक्सिंगचा दावा त्या डेटाबेसमध्ये जाऊन खरा ठरतो का? आठवड्यात स्वीकृती देतात का? नावाजलेल्या जर्नलच्या नावाने दुसरीच वेबसाइट तर नाही? एक तास पुरतो.

लेखकांच्या नावांवर मात्र घाई करू नका, तिथे मुलांची खरी कोंडी असते. विभागप्रमुखांचं नाव, मशीन वापरू दिलं म्हणून कोणाचं नाव, आणि काम केलेल्या ज्युनिअरचं नाव आभारांत. पेपर लिहायच्या आधी, प्रयोग ठरतानाच, कोण काय करणार आणि त्यानुसार नावांचा क्रम काय, याचा एक कागद करा आणि काम बदललं की तो बदला. पुष्कळ जर्नल आता १४ भूमिकांच्या यादीतून कोणी काय केलं ते विचारतात. तीच यादी वापरा. ही सवय आधी तुमच्या चार विद्यार्थ्यांबरोबर लावा, मग वर्गात सांगा.

आणि मुलं एक प्रश्न विचारतीलच, कदाचित तास संपल्यावर, दाराशी : ‘मॅडम, गाइडनेच आकडे बदलायला सांगितले तर?’ फेलोशिपच्या कागदावर, सहामाही अहवालावर, प्रबंधावर त्यांचीच सही लागते. अशा मुलाला ‘धैर्य दाखव’ म्हणणं सोपं आहे, न्यायाचं नाही. त्याला सांगा : मूळ फाइलची तारखेसह प्रत स्वतःकडे ठेव, तोंडी सूचना मिळाली तर ‘आपण सांगितल्याप्रमाणे अमुक बदल करायचा आहे ना, कारण काय लिहू?’ अशी नम्र मेल कर. कित्येक सूचना त्या मेलनेच मागे घेतल्या जातात. एकट्याने तक्रार करण्याआधी विभागातल्या दुसऱ्या एका विश्वासू प्राध्यापकांशी बोल. वाङ्मयचौर्याची तक्रार विभागाच्या सचोटी समितीकडे जाते, तिला ४५ दिवसांत अहवाल द्यावा लागतो, मग संस्थेची समिती. आकडे बनवण्याच्या तक्रारीसाठी २०१८ च्या नियमांत अशी टक्केवारीची शिडी नाही, म्हणून तुमच्या कॉलेजने कोणाकडे जायचं ते एका पानावर लिहून सूचनाफलकावर लावावं, असा आग्रह तुम्ही विभागप्रमुखांकडे धरा. शपथेच्या फोटोबरोबर हे पानही अहवालात जाईल, त्यांना ते आवडेल.

दोन सूचना पथ्यासारख्या. तुमच्या विद्यार्थिनीचं उदाहरण वर्गात वापरू नका, नाव न घेताही नाही. लोहाचं काम तुमच्या केंद्रात कोण करतं ते सगळ्यांना माहीत असतं. कोबाल्टचे काल्पनिक आकडे करा, त्याच आकाराचे, आणि ‘हे सरावासाठी रचलेले आहेत’ असं वर लिहा. आणि कोर्स दुसऱ्या सत्रावर ढकलू देऊ नका. मुलांची पहिली मालिका मोजून झाली की त्यांना स्वतःच्या आकड्यांचं समर्थन करायची घाई होते.

पहिल्या तासाला प्रत्येकाला आपलं बीएस्सीचं जुनं जर्नल आणायला सांगा. गावी माळ्यावर असेल, रद्दीत गेलं असेल. ज्यांना सापडेल त्यांनी आणावं, बाकीच्यांनी आठवून एक तक्ता लिहावा. मग हातात पेन्सिल द्या आणि खरोखर घेतलेल्या रीडिंगसमोर बारीक टिंब करायला सांगा. ते पान कोणाला दाखवायचं नाही, गोळाही करायचं नाही. दहा मिनिटं पुरतात. तुमचं जर्नल अजून घरात असेल तर तेही घेऊन जा, आणि त्यांच्याबरोबर बसून तुम्हीही टिंबं करा.